ज्याने लाकूड वाकवलं

खुर्च्यांच्या कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कंपनीने आपला इतिहास छापला. गुळगुळीत कागद, निळं वेष्टन, आत मालकांचा, म्हणजे वकीलसाहेबांचा, फेटा बांधलेल्या वेषातला फोटो. कचेरीतला कारकून एक प्रत घेऊन आमच्या जळगावजवळच्या पिंप्राळ्याच्या घरी आला आणि म्हणाला, "अक्का, तुम्हाला वाचता येतं म्हणून आणली. पण वाचून मला शिव्या देऊ नका."

मी ओट्यावर बसून ती मोठ्याने वाचली. माझा नवरा समोर खाटेवर बसून ऐकत होता. मधल्या पानांत कुठेतरी लिहिलं होतं की लाकूड वाफेवर वाकवण्याची विद्या वकीलसाहेबांनी अहोरात्र प्रयोग करून स्वतः हस्तगत केली. त्याच्याखाली एक ओळ होती : स्थानिक सुतारांचेही साहाय्य झाले.

ती ओळ मी तीनदा वाचली. नवरा म्हणाला, "वाच ना पुढे."

पुढे वाचायला काय होतं? सगळं तिथेच संपलं होतं. मी पुस्तक मिटलं. माझ्या अंगाची जी लाहीलाही झाली ती आजही थंड झालेली नाही. तो स्थानिक सुतार माझ्यासमोर बसला होता, आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं तळव्याला चिकटलेली होती.

खरं काय झालं ते मी सांगते. मी तिथे होते.

लग्नानंतर आम्ही धुळ्याला राहायचो. आग्रा रस्त्याच्या कडेला नवऱ्याचं सुतारकाम चालायचं, मुख्यतः बैलगाडीची चाकं. माझे वडील मुलींच्या शाळेत शिपाई होते, म्हणून मला चौथीपर्यंत शिकता आलं. आमच्या घरात लिहिण्यावाचण्याचं काम माझ्याकडे आणि बाकी सगळं शहाणपण त्याच्याकडे, असं तो समजायचा.

स्वदेशीचे दिवस होते. एक दिवस टांग्यातून एक तरुण वकील उतरले. धोतरात गुंडाळलेली एक मोडकी खुर्ची त्यांनी आमच्या अंगणात ठेवली. तशी खुर्ची तेव्हा कोर्टात, क्लबात, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये सगळीकडे दिसायची. मागचे दोन पाय आणि पाठ मिळून एकच गोल दांडी, धनुष्यासारखी वाकवलेली, मध्ये कुठे सांधा नाही. बसायला वेताची जाळी. ऑस्ट्रियाहून बोटीने यायची.

नवऱ्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "जोडी देसू. दोन दिवसांनी या."

"जोडायची नाही," वकील म्हणाले. "अशी नवी करायची. आपल्या देशात, आपल्या लाकडाची. जमेल?"

माझा नवरा फार कमी बोलायचा. तो खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "हाई कापेल नही शे. वाकाडेल शे." कापलेली नाही, वाकवलेली आहे. एवढं त्याला तिथल्या तिथे कळलं. वकिलांना ते तोवर ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं की जाड फळीतून कोरून काढतात.

न्यायाने बोलायचं तर तेव्हा ते वकील खोटे नव्हते. त्यांनी आपल्या घरातलं विलायती कापड चौकात जाळलं होतं. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली. 'तुम्ही माझ्याबरोबर जळगावला या, हा कारखाना आपला सगळ्यांचा,' असं ते म्हणाले. 'आपला सगळ्यांचा' हे शब्द माझ्या कानांनी ऐकलेले आहेत.

आम्ही बिऱ्हाड उचललं आणि जळगावला आलो. रेल्वेच्या रुळांजवळ पत्र्याचं एक शेड होतं. तोच कारखाना. तिथे नवऱ्याने लांबलचक लाकडी पेटी केली, तिला नळी लावून बंबातली वाफ आत सोडली, आणि दांड्या त्या वाफेत ठेवून वाकवायला सुरुवात केली. सागवान कडाकड मोडलं. बाभूळ चिरली. शिसवीच्या तर ढलप्या निघाल्या. रोज संध्याकाळी मी त्या मोडक्या दांड्या चुलीसाठी घरी न्यायची. सहा-सात महिने आमच्या घरात सरपण विकत घ्यावं लागलं नाही, एवढंच त्या कारखान्याचं उत्पन्न होतं. वकीलसाहेब आठवड्यातून एकदा, कोर्ट सुटल्यावर, यायचे. रुमालाने नाक झाकून वाफ बघायचे आणि विचारायचे, "काय, आज तरी?" त्यांचे अहोरात्र प्रयोग ते हे.

लाकूड सापडलं ते असं. चोपड्याच्या वर सातपुड्यात राहणारा एक म्हातारा पावरा आदिवासी मोळ्या घेऊन बाजाराला यायचा. त्याला आम्ही आबा म्हणायचो. एकदा त्याने कारखान्याच्या दाराशी खांद्यावरची कावड उतरवली. दोन्ही बाजूंना जड ओझं होतं, आणि मधली काठी कमानीसारखी वाकून पुन्हा सरळ झाली. नवरा हातातलं काम टाकून बाहेर धावला. "आबा, हाई कसानं लाकूड शे?"

धामणीचं, आबा म्हणाला. त्याच्या बोलीत त्याने पुढे जे सांगितलं ते आम्हाला हळूहळू कळलं. धामण सुकवून ठेवू नका. तोडल्यावर थोड्याच दिवसांत, अंगात ओल असताना वाकवा. आमची माणसं धनुष्य असंच करतात. आणि उतारावरचं झाड घेऊ नका, ते आधीच एका अंगाला ओढलेलं असतं. तीन-चार खेपांत त्याने चांगली झाडं कशी ओळखायची तेही शिकवलं. आबाचा तर त्या इतिहासात साहाय्य म्हणूनसुद्धा पत्ता नाही.

धामण मोडेना, पण पाठीच्या गोलाईवर बाहेरच्या अंगाने तिचे तंतू सुटायचे. नवरा चिडचिड करायला लागला. जेवायचा नाही. मी एक दिवस डबा घेऊन गेले आणि उभ्यानेच बघत राहिले. मी म्हणाले, "दर वेळी बाहेरच्याच अंगाने फाटतं. आतल्या अंगाला कधी काही होत नाही. बाहेर ताण पडतो, तिथे ओढून धरायला काहीतरी पाहिजे."

"काय धरसू? हात?"

"चाकाच्या कडेवर धाव चढवता ना तुम्ही? लोखंडाची?"

त्याच दुपारी त्याने लोहाराकडून एक लांब लोखंडी पट्टी आणली. दांडीच्या बाहेरच्या अंगाला ती बसवली, दोन्ही टोकांना घट्ट अडवली, आणि पट्टीसकट दांडी साच्यावर वाकवली. चौघांनी जोर लावला. आवाज झाला नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर दांडी गुळगुळीत गोल, अंगावर एक चीर नाही. नवरा खाली बसला आणि ढसाढसा रडला. मी त्याला त्याआधी आणि त्यानंतर कधी रडताना पाहिलं नाही. अगदी दवाखान्यातसुद्धा नाही.

वकीलसाहेब त्या आठवड्यात मुंबईला गेले होते.

पहिल्या बारा खुर्च्या धुळ्याच्या स्वदेशी प्रदर्शनात मांडल्या. त्यांच्या वेताच्या जाळ्या मी विणल्या होत्या. त्या जुन्या मोडक्या खुर्चीची जाळी उसवून उसवून मी ते विणकाम शिकले होते. मी प्रदर्शनात गेले, आपल्या हातच्या एका खुर्चीवर जाऊन बसले, तर छातीवर बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक धावत आला. "अहो बाई, उठा! या बघायला ठेवल्यात. तुमच्यासारख्यांनी बसायला नाहीत."

"मीच विणलीय ही," मी म्हणाले.

"हो का? मग आता उठा."

मी उठले. खुर्चीच्या पाठीला पुठ्ठा अडकवला होता आणि त्यावर वकीलसाहेबांचं नाव होतं. नवऱ्याला मी ते दाखवलं. तो म्हणाला, कारखाना त्यांचा आहे तर नाव त्यांचंच असणार. तेव्हा मलाही ते पटलं. आता स्वतःचाच राग येतो.

मग जर्मनांची लढाई सुरू झाली आणि ऑस्ट्रियाच्या खुर्च्या यायच्या बंद झाल्या. एकाएकी सगळ्यांना आमच्याच खुर्च्या हव्या झाल्या. कचेऱ्यांना, हॉटेलांना, सैन्याच्या इस्पितळांना. शेडाचा कारखाना झाला, कारखान्याची कंपनी झाली, वकीलसाहेब मॅनेजिंग डायरेक्टर झाले आणि त्यांनी कोर्टात जाणं सोडलं. वाफेच्या दोन मोठ्या पेट्या आल्या. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीतल्या सातआठ जणींना मी विणकाम शिकवलं आणि आम्ही घरी बसून जाळ्या विणायला लागलो.

मोठ्या पेटीच्या दाराची कडी झिजली होती. नवरा रोज घरी येऊन सांगायचा. त्याने साहेबांना तोंडी सांगितलं. मग माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली. ती चिठ्ठी मी माझ्या हाताने लिहिली : दाराची कडी वाफेला आवरत नाही, पेटी चार दिवस बंद ठेवून नवीन दार बसवावे. उत्तर आलं की इस्पितळाचा माल गेल्यावर बघू. इस्पितळाचा माल गेला, दुसरा आला. दार तेच.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर ते दार सुटलं. नवरा पेटीसमोर उभा होता. त्याने तोंड वाचवायला दोन्ही हात पुढे केले, म्हणून डोळे राहिले. मला बोलवायला माणूस आला तेव्हा मी जाळी विणत होते, आणि त्या माणसाचं तोंड बघूनच मला कळलं की दाराचं काहीतरी झालं. दार, दार असंच मी ओरडत गेले म्हणतात. मला ते आठवत नाही.

दवाखान्यात तो दीड महिना होता. डाव्या हाताची कातडी हळूहळू भरून आली. उजव्या हाताची बोटं आखडली ती आखडलीच. वकीलसाहेब एकदा आले, संत्री घेऊन. त्यांच्याबरोबर कंपनीचे एक भागीदार होते. खाटेजवळ उभं राहून भागीदार हसत म्हणाले, "इतकी वर्षं लाकडाला वाकवलंस, शेवटी लाकडाने सूड घेतला बघ!" वकीलसाहेबही थोडं हसले. मी ती संत्री त्यांच्यामागे दाराबाहेर नेऊन ठेवली.

पुढच्या आठवड्यात कारकून कागद घेऊन आला. मी वाचला. अपघात कामगाराच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झाला, कंपनीचा त्यात दोष नाही, असं लिहिलं होतं.

"मी चिठ्ठी लिहिली होती," मी म्हणाले. "कुठे आहे ती चिठ्ठी?"

कारकून खाली बघत म्हणाला, "अक्का, अशी कुठली चिठ्ठी कचेरीत नाही. आणि यावर अंगठा दिला तर साहेब त्यांना फाटकावर ठेवून घेतील, असं म्हणालेत. नाहीतर..."

"घेऊन जा तो कागद."

तो गेला. पण दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन दवाखान्यात पोचण्याआधी तो पुन्हा येऊन गेला होता. नवऱ्याच्या डाव्या अंगठ्याला शाई होती. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने भिंतीकडे बघितलं. "तुना राग माले म्हाईत शे," तो म्हणाला. "पण खासूत काय?" खायचं काय, हा प्रश्न खराच होता. तरी पुढे कितीतरी दिवस मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. भाकरी वाढायची आणि उठून जायची.

ज्याने कारखाना उभा केला तो कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाला. आणि तेवढ्यावरच थांबलं असतं तरी बरं. दांडी किती वेळ वाफेत ठेवायची, पट्टी कुठे सैल सोडायची, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. साहेबांनी एक तरुण सुतार मिस्त्री म्हणून नेमला आणि त्याला फाटकावर पाठवलं. माझ्या नवऱ्याने त्याला सगळं सांगितलं. स्टुलावर बसून, डाव्या हाताने हवेत आकार काढून काढून शिकवलं. मी भांडले. म्हटलं, तोंड बंद ठेवा, मग बघा साहेब कसे पाया पडत येतात. तो म्हणाला, "इद्या दपाडी ठेवी ना, ते ती कुजी जास." लपवलेली विद्या कुजते म्हणे. आणि दिलेली? ती दुसऱ्याच्या नावावर छापून येते.

तर रौप्यमहोत्सव. कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. पाहुणे कंपनीच्या खुर्च्यांवर, कामगार मागे उभे, आम्ही विणणाऱ्या बायका बाजूला सतरंजीवर. मुख्य पाहुणे एक गोरे अधिकारी होते. समोर वाफेची एक पेटी तापवून ठेवली होती, कारण भाषणं झाल्यावर मिस्त्री पाहुण्यांना दांडी वाकवून दाखवणार होता. वकीलसाहेब बोलायला उभे राहिले. पुस्तकात होतं तेच बोलले, फक्त त्यात त्यांच्या हाताला पडलेले घट्टे वाढवले.

घट्टे ऐकल्यावर मी उठून उभी राहिले. मी ठरवून गेले नव्हते. पाय आपोआप उठले.

"साहेब," मी म्हणाले, "पेटी तापलेली आहे. एक दांडी तुम्ही वाकवून दाखवा."

पुढे बसलेल्यांतले काही हसले. त्यांना वाटलं, आधीच ठरलेलं काही आहे. साहेब म्हणाले, "बाई, आता माझं वय झालं."

"मग वाकवू नका. दांडी किती वेळ वाफेत ठेवायची तेवढं सांगा. पट्टी कुठल्या अंगाला लावतात ते सांगा. मांडवात मिस्त्री आहे, तो सांगेल बरोबर की चूक."

मी मिस्त्रीकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. मी फाटकाकडे बघितलं. माझा नवरा स्टुलावरून उठून उभा होता आणि आखडलेला हात हलवून मला खुणावत होता, बस, बस.

"या माणसाने वाकवलं लाकूड," मी ओरडले. "तो तिथे उभा आहे. त्याचे हात बघा!"

तेवढ्यात गोऱ्या साहेबाने वकीलसाहेबांकडे वाकून काहीतरी विचारलं. वकीलसाहेब हसून इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. गोऱ्या साहेबाचा चेहरा खुलला. तो उभा राहिला, माझ्याकडे बघून मान डोलावली आणि टाळ्या वाजवायला लागला. तो वाजवतोय म्हटल्यावर पहिल्या ओळीने वाजवल्या. मग दुसरीने. मग अख्खा मांडव टाळ्या वाजवायला लागला, आणि त्या कडकडाटात दोन माणसांनी माझे दंड धरून मला बाहेर नेलं. मी बोलत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारकुनाकडून कळलं साहेब काय म्हणाले ते. ही आमची जुनी कामकरीण आहे, कंपनीने तिच्या अपंग नवऱ्याला पोसलं म्हणून आभार मानते आहे.

माझं काम त्याच दिवशी बंद झालं. गल्लीतल्या बायकांनी ते ऐकून वेताच्या जुड्या उचलायच्या नाहीत असं ठरवलं. मी त्यांना सांगितलं नव्हतं. नऊ दिवस कारखान्यात बिनजाळीच्या खुर्च्यांची थप्पी चढत गेली. दहाव्या दिवशी निरोप आला : विणकामाचा दर वाढवू, अक्कांनाही परत घेऊ, छापलेलं मात्र छापलेलं राहील. बायकांनी माझ्याकडे बघितलं. प्रत्येकीच्या घरात पोरं होती. मी म्हटलं, घ्या. त्यांनी घेतलं, आणि मला त्यांचाही राग आला, हे लपवत नाही. मी स्वतः पुन्हा त्या कंपनीच्या वेताला हात लावला नाही. भरडणं-कांडणं केलं, शेंगा फोडल्या.

नवरा त्या फाटकावर आणखी सहा-सात वर्षं होता. एका उन्हाळ्यात तापाने चार दिवसांत गेला. दुसरी लढाई आली आणि धामणीचं जंगल ठेकेदारांनी उजाड केलं. त्यानंतर लोखंडी घडीच्या खुर्च्या निघाल्या. वकीलसाहेब आधीच गेले होते, मुलांना धंद्यात गोडी नव्हती. स्वराज्य येण्याच्या थोडं आधी कंपनीला कुलूप लागलं. मला आनंद झाला नाही. त्या पेट्या भंगारात निघाल्या तेव्हा मी बघायलाही गेले नाही.

नंतर एक दिवस मिस्त्री आमच्या दारात उभा राहिला. केस पिकलेले होते. मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, धुळ्याला छोटं शेड घेतोय, जुन्या खुर्च्यांची दुरुस्ती आणि थोड्या नव्या. जाळी विणायला आणि पोरींना शिकवायला तुमच्यासारखं कोणी नाही.

"त्या दिवशी मांडवात तोंड का उघडलं नाहीस?" मी विचारलं.

"अक्का, बोललो असतो तर घर बसलं असतं."

"आमचं बसलंच होतं."

"चुकलं माझं," तो म्हणाला आणि पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

"माफी मागू नकोस, मी ती देणार नाही. शेडात पहिल्या दिवशी सगळ्यांना समोर बसवायचं आणि ही विद्या तुला कोणी शिकवली ते सांगायचं. आबाचंही सांगायचं. मी तिथे बसून ऐकणार. कबूल असेल तर येते."

त्याने कबूल केलं, आणि शब्द पाळला. सांगताना दोनदा अडखळला. एकदा पट्टीची गोष्ट चुकीची सांगितली, तेव्हा मी मध्येच थांबवून त्याला पहिल्यापासून सांगायला लावली. पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी त्यांना म्हटलं, हसू नका, ऐका, आणि वेत भिजत घाला, दुपारच्या आत दोन जाळ्या पुऱ्या व्हायला पाहिजेत.